देवाच्या नावानं कुणी भाडं भरलं, तर आपल्या पोटात का दुखावं?

माडाखालचो (चर्चाप्रस्ताव) :

आमचं गाव मालवण-वेंगुर्ला पट्ट्यातलं, बाजाराचं. बंदर आहे, एसटी स्टँड आहे, देऊळ आहे, चर्च आहे. जूनपासून गावात एक वाद चाललाय. चहाच्या टपरीवर त्याचा पार चोथा झालाय तरी मिटत नाही, म्हणून इथे मांडतो.

एका ट्रॉलरवरचा खलाशी, बाहेरगावचा. बायको आणि दोन पोरांसह बाजारामागच्या चाळीत भाड्याने राहायचा. मे महिन्यात जाळं ओढताना पाय मोडला. १ जूनला मासेमारी बंद झाली, मालकाने उचल कापून घेऊन हिशोब मिटवला. भाडं थकलेलंच होतं. घरमालकाने भांडी पडवीत काढून ठेवली आणि खोलीला कुलूप घातलं. मंडळी आली एसटी स्टँडवर, फलाटाच्या कोपऱ्यात, जिथे पावसाची झड थेट अंगावर येते. गावाने बघितलं, कुणी वडापाव दिला, कुणी जुनं कांबळं दिलं आणि आपापल्या गाडीला लागलं.

मग चर्चच्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या दोन बायका आल्या. एक निवृत्त शिक्षिका, दुसरी बाजारात मासे विकते. शिक्षिकेने वही काढली आणि विचारपूस सुरू केली : भाडं किती थकलंय, प्लास्टर कधी काढायचंय, पोरांच्या शाळेचा दाखला कुठे आहे. मासेवालीला तेवढा धीर नव्हता. ती तडक घरमालकाकडे गेली आणि म्हणाली, “भाड्याचा काय ता आमी बघतंव, आदी पोरांका भितर घे.” संध्याकाळी थकलेलं भाडं घरमालकाच्या हातात पडलं, पावती घेऊन. खलाशाच्या हातात रोख दिली नाही. त्यानंतर या दोघी दर आठवड्याला फेरी मारतात.

ही संस्था १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या काही मित्रांनी काढली. ओझानाम तेव्हा वीस वर्षांचा विद्यार्थी होता. तेव्हापासूनची पद्धत अशी की गरजवंताला दारात रांगेत उभं करायचं नाही, आपण त्याच्या घरी जायचं, दोघादोघांनी. धर्म विचारायचा नाही.

आता वाद. बाजारात लगेच सुरू झालं : “बघत राहा, दिवाळीपर्यंत गळ्यात क्रूस.” दिवाळी झाली. खोलीत गणपतीचं कॅलेंडर होतं ते त्याच खिळ्याला आहे. दुसरा प्रश्न जरा बरा : “आपल्या लोकांनी का नाही केलं?” हा रास्त आहे, पण तो चर्चला विचारून काय उपयोग? मी आमच्या देवस्थानच्या कमिटीवर आहे. यंदा शिल्लक बऱ्यापैकी आहे आणि सभामंडपाला ग्रॅनाइट बसवायचं घाटतंय. माझं म्हणणं, शिलकीतला ठरावीक हिस्सा गावात राहणाऱ्या अडलेल्यांसाठी बाजूला ठेवावा. गावात राहणारे म्हणजे राहणारे, मग मूळगाव कुठलं का असेना.

मतं मांडा. शिव्या घालायच्या तर बेताने.

निरीश्वर :

मूळ मुद्द्यालाच असहमत. चर्चने भरलं की देवळाने भरलं हा वाद म्हणजे खाट कुणाची यावर भांडण, आणि घर नाही ते नाहीच. बेघराला छप्पर देणं हे सरकारचं काम. शहरी भागात दर एक लाख लोकवस्तीमागे शंभर माणसांचा निवारा हवा, हे सर्वोच्च न्यायालयाने कधीच सांगून ठेवलंय. कोकणातली शहरं छोटी, त्यामुळे लाखाच्या हिशोबात ती बसतच नाहीत आणि एसटी स्टँड हाच आमचा निवारा ठरतो. यावर कुणी बोलत नाही.

दुसरं, दानात देणारा वर आणि घेणारा खाली. त्या खलाशाची बायको आता त्या दोन बायकांसमोर कधी मान वर करून बोलेल का? नगरपालिकेच्या निवाऱ्यात ती “पंखा बंद आहे” म्हणून भांडू शकली असती. चर्चच्या किंवा देवळाच्या पैशावर तोंड मिटून राहावं लागतं. आणि जोवर धर्मादायवाले ही ठिगळं लावतायत, तोवर सरकारला कुणी जाब विचारत नाही.

बंदरावरची :

@निरीश्वर, पंखा बंद आहे म्हणून भांडायला आधी पंखा असावा लागतो. मी बंदरावर बर्फाचा धंदा करते, असली कुटुंबं दर पावसाळ्यात बघते. कायद्यात काय आहे ते तुम्ही सांगितलंत, बरं केलंत. पण पोर तापाने फणफणलंय आणि रात्रीचे साडेनऊ वाजलेत, तेव्हा कुणाला फोन लावायचा तेही सांगा.

शिवभोजन थाळीचंच बघा. २६ जानेवारी २०२० ला दहा रुपयांत सुरू झाली, कोरोनात पाच रुपयांवर आली. योजना चांगलीच, मी वाईट म्हणणार नाही. पण ती मिळते दुपारी, आणि केंद्र असतं मोठ्या गावात. आमच्या बंदरावरून केंद्रापर्यंत जायचं भाडं थाळीहून महाग. रेशन आता देशात कुठेही मिळतं म्हणतात, तेही खरं, पण ज्याचं कार्ड गावाकडे भावाच्या ताब्यात आहे आणि आधारला जोडलेला मोबाईल समुद्रात गेलाय, त्याने दुकानदाराला काय दाखवायचं?

या दोन बायकांनी नेमकं तेच केलं असणार, पैज लावते. भाडं हा सोपा भाग. अवघड भाग म्हणजे माणसासोबत खिडकीवर उभं राहणं. “उद्या या” म्हटलं की उद्या परत जाणं. एकट्या खलाशाला खिडकीवरचा माणूस हिंदीत खेकसतो, सोबत शिक्षिकाबाई असल्या की “बसा बाई” म्हणतो. याला तुम्ही दान म्हणा, नाहीतर वशिला म्हणा, काम होतं हे खरं.

आणि मान वर करण्याचं म्हणाल तर ती मासेवाली आणि खलाशाची बायको आता पावसाळा संपल्यावर एकाच ओट्यावर कोलंबी सोलत बसत असतील.

देवरहाटी :

धागाकर्त्याचा हेतू चांगला आहे, पण सूर नेहमीचाच : चर्च किती छान आणि देऊळ म्हणजे ग्रॅनाइट. जरा आपल्याकडे पण बघा. गणपतीपुळ्याला दुपारी खिचडीचा प्रसाद मिळतो, ओळीत कुणालाही आडनाव विचारत नाहीत. पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या मठात रोज महाप्रसाद. नाणीजच्या संस्थानाच्या रुग्णवाहिका मुंबई-गोवा हायवेवर फुकट धावतात, अपघातात सापडलेल्यांना विचारा. तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, त्यातल्या लोकांना अलोऱ्याला घरं मिळाली ती सिद्धिविनायक न्यासाच्या पैशातून. याचे धागे कोण काढतो?

परदेशातून पैसा येतो आणि मदतीच्या मागून माणसं वळवली जातात ही भीती हवेतून आलेली नाही. तुमच्या गावात तसं झालं नसेल, आनंद आहे. पण सावध राहणाऱ्याला लगेच कोत्या मनाचा ठरवू नका.

आणि आमच्याकडे गावकी आहे. आमच्या वाडीत कुणी उपाशी झोपत नाही. कुणाकडे मयत झालं तर लाकडं वाडी देते, घर पडलं तर वासे वाडी देते, मुंबईचं मंडळ पत्रे पाठवतं. त्याला संस्था लागत नाही, वही लागत नाही.

ओसरी :

@देवरहाटी, “आमच्या वाडीत कुणी उपाशी झोपत नाही” हे खरं असेल, कारण वाडीत कोण मोजायचं ते वाडीच ठरवते. आंब्याच्या बागेत खोपटात राहणारे नेपाळी राखणदार वाडीत आहेत का? कोळशाच्या भट्टीवरून परतलेली कातकरी मंडळी? नवऱ्याने टाकलेली, माहेरच्या पडवीत चूल मांडून बसलेली बाई? तिचं नाव गावकीच्या वर्गणीच्या यादीत नाही, म्हणून मदतीच्या यादीतही नाही.

आणि हीच गावकी वाळीतही टाकते. २०१६ साली महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला, त्यामागे रायगडातली प्रकरणं किती होती ते तेव्हाचे पेपर काढून बघा. पिठाची गिरणी बंद, पालखी दारावरून न थांबता पुढे, मयताला कुणी नाही. वासे देणारी वाडी आणि पालखी न थांबवणारी वाडी एकच असते. म्हणून म्हणते, वही असलेली बरी. वहीत निदान लिहिलेलं दिसतं की कुणाला दिलं नि कुणाला नाही.

बाकी तुमची देवस्थानांची उदाहरणं मान्य. पण ती वेगळ्या जातीची आहेत. प्रसाद देवळात येणाऱ्याला मिळतो. मोडलेल्या पायाचा माणूस देवळापर्यंत येत नाही, त्याच्याकडे जावं लागतं. धागा त्याबद्दल आहे.

देवरहाटी :

वाळीत टाकण्याचं समर्थन मी केलेलं नाही, उगाच माझ्या तोंडी घालू नका. बागेतल्या राखणदारांचा मुद्दा मात्र विचार करण्यासारखा आहे. त्यांच्या पोरांना शिमग्याला आम्ही खेळे बघायला बोलावतो, पण त्यापुढे कधी विचारलं नाही हे खरं.

खाडीपट्टा :

आमच्याकडे हा प्रश्न श्रद्धेनेच सोडवलाय असं वरवर दिसतं. जकात, म्हणजे गरजूंसाठीचं दान, फर्ज (बंधनकारक) आहे, वर्षभर साठलेल्या मालमत्तेवर अडीच टक्के. कुणाला द्यायची ते आठ प्रकार कुराणातच दिलेत, त्यात फकीर-मिस्कीन, म्हणजे गोरगरीब आहेत, कर्जात बुडालेला आहे, प्रवासात अडकलेला वाटसरूही आहे. म्हणजे तुमचा खलाशी दोन-तीन रकान्यांत आरामात बसतो.

पण खरं चित्र सांगू? रमजानमध्ये बाहेरगावाहून याद्या, पावतीपुस्तकं, मदरशांची पत्रकं यांची रीघ लागते. देणारा घाईत असतो, तीस रोजांच्या आत सगळं वाटून मोकळा. बकरी ईदनंतर पावसाळ्यात शेजारच्या घरात चूल पेटत नाही तेव्हा जकातीचा पैसा कधीच संपलेला असतो. काही गावांत जमातीने बैतुलमाल, म्हणजे सामाईक मदतनिधी चालवलाय, तिथे वर्षभर थोडं थोडं निघतं : औषधाचं बिल, विधवेचं लाईटबिल, बिनव्याजी उसने. तिथे फरक पडतो.

आणि एक अडचण आमच्या घरातली. बहुतेक उलेमांच्या मते जकात मुसलमानालाच. इतरांना द्यायचं तर सदका, तो ऐच्छिक. त्यामुळे “धर्म विचारायचा नाही” हे त्या सोसायटीचं कलम मला मोठं वाटलं. पुरात मात्र आमच्या डेगीतून कुणी कुणाला काही विचारून वाढलं नाही, हेही लिहून ठेवतो.

चिपळूण_पेठ :

पुराचा विषय निघालाच आहे तर. २२ जुलै २०२१. वाशिष्ठी आणि शिव दोन्ही नद्या चिपळूणच्या बाजारपेठेत. पाणी उतरल्यावर जे आले ते सगळे मी पाहिले : मठवाले, जमातवाले, चर्चवाले, संघवाले, गुरुद्वाराचे लंगरवाले, कॉलेजची पोरं, फावडी घेऊन आलेले कुणाचे कोण. कुणाबद्दलही वाईट बोलणार नाही, आमच्या पोटमाळ्यावर चार जीव होते आणि पहिला गरम भात एका अनोळखी माणसाने शिडीवरून वर दिला.

पण पंधरवड्याने काय होतं? रस्त्याकडेला जुन्या साड्यांचे ढीग, बिस्किटांचे पुडे उतू चाललेत आणि भाडेकरू दुकानदार डोकं धरून बसलेत. घर मालकाचं, गाळा मालकाचं, पण आत भिजलेला माल भाडेकरूचा. पंचनाम्यात नाव लावून घेताना भाडेकरूंची काय दमछाक झाली ते आम्हाला विचारा. ट्रक घेऊन आलेल्या एकाही संस्थेने “तुमचा भाडेकरार कुठे आहे, चला अर्ज करू” असं म्हटलं नाही. कारण त्याचा फोटो निघत नाही. माझ्या शेजारचा शिंपी दोन मशीन गेल्यावर मुंबईला भावाकडे गेला तो गेलाच, त्याला कुणी बेघर म्हणून मोजलं नाही.

म्हणून मला या धाग्यात चर्च की देऊळ यापेक्षा “दर आठवड्याला फेरी” हे शब्द महत्त्वाचे वाटतात. आपत्तीत सगळेच संत असतात. श्रावणातल्या साध्या मंगळवारी कोण येतं, ते बोला.

परिचारिका :

थोडं वेगळं लिहिते, रागावू नका. स्टँडवर दिसणारा प्रत्येक जण भाडं थकलेला नसतो. मी बरीच वर्षं सरकारी दवाखान्यात काढली. कोकण रेल्वे झाल्यापासून कुठल्या कुठल्या राज्यांतून भरकटलेली माणसं आपल्या स्टेशनांवर उतरतात, नाव सांगता येत नाही, भाषा कळत नाही. त्यांच्याबाबतीत भाविक मंडळींकडून हमखास एक घोळ होतो. आंघोळ घालतात, केस कापतात, नवे कपडे, हार, जेवण, व्हिडिओ, आणि पुन्हा स्टँडवर. एका मंडळींनी तर “सिद्धपुरुष आहे” म्हणून पाया पडायला सुरुवात केली होती. अहो, त्याला स्किझोफ्रेनिया होता, गोळ्या हव्या होत्या.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १०० वाचा. रस्त्यावर भटकणाऱ्या, स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षणात घेणं हे पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. चोवीस तासांत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं, कोठडीत ठेवायचं नाही. महाराष्ट्रात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, त्यातलं एक आपल्या रत्नागिरीत आहे. आपण कोकणातले लोक याबाबतीत उलट नशीबवान.

कर्जतला डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा संस्था हेच काम करते : उचलायचं, औषध सुरू करायचं, माणूस बोलायला लागला की गावाचं नाव विचारायचं आणि घरी पोचवायचं. त्यासाठी त्यांना २०१८ चं मॅगसेसे मिळालं. नावात श्रद्धा आहे, पण काम औषधाचं. धर्मादाय गटांनी, मग ते कुठल्याही देवाचे असोत, एवढं शिकून घ्यावं की घोंगडी पुरेशी कधी असते आणि डॉक्टर कधी लागतो.

निरीश्वर :

@परिचारिका, +१. हाच माझा मुद्दा. कलम १०० च्या मागे लागणारा नागरिक हवा, हार घालणारा भक्त नको.

@देवरहाटी, पुढच्या प्रतिसादात तुम्ही गाडगेबाबांचं नाव घेणार हे दिसतंय, म्हणून मीच घेतो. दशसूत्रीत “बेघरांना आसरा” आहे. पण त्या माणसाने नाशिक, पंढरपूर, आळंदीला बांधल्या त्या धर्मशाळा. देऊळ एक नाही.

देवरहाटी :

नाव घेणारच होतो! आणि कीर्तनात “गोपाला गोपाला” कोण म्हणत होतं? लोकांनी पैसे दिले ते त्या कीर्तनाला. तुमच्या निरीश्वरवादी व्याख्यानाला धर्मशाळेची एक वीट तरी मिळाली असती का? श्रद्धा वजा केली तर दर आठवड्याला फेरी मारायला त्या दोन बायका तरी कशाला येतील?

निरीश्वर :

कबूल, विटेपुरतं. पण बायकांचं तुम्ही त्यांना विचारलंय का?

बंदरावरची :

मी विचारलं. आमच्या बंदरावरच्या अशाच एका बाईला, धाग्यातली नव्हे. म्हणाली, “रविवारी मिटिंगीत वही वाचतत. गेलंय नाय तर सगळ्यांसमोर सांगाचा लागता.” लाज, बाबांनो. श्रद्धा असेलच, पण आठवड्याला बाहेर काढते ती लाज.

माडाखालचो :

सगळ्यांचे आभार, @देवरहाटींचेही. थोडी माहिती. परदेशी पैशाचं म्हणाल तर परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर तो दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेतून येतो आणि कार्यालयीन खर्चाला वीस टक्क्यांची मर्यादा आहे. आमच्या गावच्या सोसायटीचा पैसा त्या वाटेचा नाहीच. चर्चमध्ये रविवारच्या मिस्साला (प्रार्थनेला) पिशवी फिरते, त्यातली चिल्लर.

काल आमच्या देवस्थानची सभा झाली. ग्रॅनाइट होणार. मी एकटा विरोधात होतो, हरलो. भाडं-औषधासाठी हिस्सा काढायच्या ठरावावर सचिवांनी काढलेली अडचण मात्र खोटी नाही : ट्रस्टच्या घटनेत उद्देश लिहिलेत ते पूजा, उत्सव आणि जीर्णोद्धार. बाहेर खर्च केला तर हिशोब तपासणीत अडकणार, उद्देश वाढवायचे तर धर्मादाय कार्यालयात रीतसर अर्ज. तो करायचं ठरलंय. वकील मुंबईच्या मंडळातले आहेत, फी घेणार नाहीत म्हणतात.

एक गोष्ट लगेच मिळाली. भक्तनिवासातल्या मागच्या दोन खोल्या जून-जुलैत रिकाम्याच असतात, तेव्हा भाविक येत नाहीत. त्या मासेमारी बंदीच्या काळात अडलेल्या कुटुंबांना द्यायच्या, गावचं असो नसो. अट एक, ओळखपत्राची झेरॉक्स.

ओसरी :

झेरॉक्सची अट घातलीत म्हणजे ज्याला खोली सर्वांत जास्त हवी तोच बाहेर. वर बंदरावरचीने लिहिलंय, मोबाईल समुद्रात, कार्ड भावाकडे.

माडाखालचो :

पोलिसांना भाडेकरूंची माहिती द्यावी लागते, कमिटी त्याला घाबरते. मी म्हटलं, ओळखपत्र नसेल तर गावातल्या दोघांनी सही करून हमी द्यावी. त्यावर सगळे गप्प. दोघे कोण, ते ठरत नाही.

खाडीपट्टा :

आमच्या जमातीच्या सेक्रेटरींशी बोलतो. एक सही तिकडून मिळू शकेल. तुमच्या कमिटीला चालेल का ते आधी विचारा, नंतर नको.

देवरहाटी :

न चालायला काय झालं? सही सही असते. दुसरी माझी धरा, मी पुढच्या गणपतीपर्यंत गावीच आहे. पण खोलीत मांसमच्छी शिजवायचं नाही, देवळाचं आवार आहे.

बंदरावरची :

खलाशाला खोली देणार आणि मच्छी शिजवायची नाही! बरं, चूल बाहेर मांडू, मागच्या बाजूला माझ्या बर्फाच्या गाडीची शेड आहे, आवाराच्या कुंपणाबाहेर. आता हे सांगा, रात्री अकराला कुटुंब आलं तर खोलीची चावी कुणाकडे?